न घासणारी पवनचक्की

तुम्ही मला बडबडी म्हणता ना, मग आमच्या पवनचक्कीचं ऐका. मी शहापूरची, लग्न होऊन मुरबाडला आले तेव्हा महिनाभर अगदी गप्प होते. लोडशेडिंगला कंटाळून ह्यांनी गच्चीवर प्लॅस्टिकचा ड्रम कापून उभी पवनचक्की मांडायला घेतली होती. बेअरिंगच्या जागी जुन्या स्पीकरचे दोन चुंबक.

हे सासूबाईंना समजावत होते, "आई, खुणेची तोंडं समोरासमोर ठेवली की चुंबक एकमेकांना ढकलतात. वरचा तरंगतो, घासत नाय."

"तोंडाला तोंड लागत नाय? मंग आपल्या सुनेसारखाच की!"

खूण माझ्या नेलपॉलिशची होती, आणि ह्यांच्या हातातल्या वरच्या चुंबकावर ती खाली बघायच्या ऐवजी आभाळाकडे बघत होती.

"अहो, उलटा..." मी पुटपुटले.

"थांब गो, मधे बोलू नको."

खाट्! चुंबक एकमेकांना चिकटले आणि मधे ह्यांचं बोट. हे किंचाळले, सासूबाई चुंबक वर ओढायला लागल्या.

"ओढू नका! बाजूला सरकवा!" माझा आवाज पलीकडच्या आळीत गेला. बोट सुटलं.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "गो, तुला आवाज हाय? मंग आदी का नाय ओरडलीस?"

पवनचक्की आता न घासता फिरते. आमचं मात्र त्या दिवसापासून रोज थोडं घासतं.