ओळखीची खूण

दादाला जाऊन महिना नाही झाला, तरी त्याच्या पासपोर्टचं आठवलं की मला आधी हसूच येतं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतली त्याची कंपनी त्याला नवं मशीन पसंत करायला जर्मनीला पाठवणार होती. पासपोर्टचा फॉर्म भरायला मी कागदांची पिशवी धरून बरोबर गेलो. फॉर्म भरणाऱ्या ताईंनी विचारलं, "शरीरावर ओळखीची खूण?"

"उजव्या भुवईवर व्रण," दादा म्हणाला. "ह्या धाकट्यानं दगड मारला व्हता."

"मंग माझा पतंग कामून फाडला तू?" मी तिथंच भांडायला उठलो.

ताई हसल्या. "दगड कुणी मारला ते लिहायला इथं जागा नाय, दादा."

"मंग काय उपेग? खरी वळख तर तीच हाय."

पासपोर्ट आला, व्हिसाची तारीख मिळाली. तिच्या आदल्या दिवशी जालना रोडवर ट्रकनं दादाची गाडी उडवली. दवाखान्यात पोलिसानं मला चादरीपाशी नेलं आणि वही उघडली. "भाऊच आहे ना? ओळखीची खूण सांग."

"उजव्या भुवईवर व्रण," मी म्हणालो. "मी दगड मारला व्हता."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.