पायाळूची पाठ

माझं माहेर इंदापूरच्या पल्याड, भीमेच्या काठाला, अन् मी जन्माला आले ती पायाकडनं, म्हणजे पाय म्होरं अन् डोकं मागनं, तसल्या माणसाला पायाळू म्हणत्यात हे तुमास्नी ठावं आसंलच मास्तर, पर लिवायला बसलाय म्हणून सांगते. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूनं टाच लावायची, उसण उतरती. मी चार वर्साची व्हते तवापासनं लोकं मला खेळातनं उचलून न्यायची. सोयरीक जमली ती बी ह्या पायावरच. उसाची मोळी उचलताना सासऱ्याची पाठ सारखी धरायची, म्हणून त्यानं सांगून ठिवलं व्हतं, रंग काळा आसला तरी चालंल, सून पायाळू बघा. माझं तोंड कुणी बघितलं न्हाय, पाय बघितलं. हसताय व्हय? हसा.

सासर हितं, बारामतीजवळ, पाटाच्या पाण्यावरचं गाव. सासरा माणूस चांगला, पर लवकर गेला. ऱ्हायलो सासू, मालक अन् मी, मग पोरी झाल्या दोन.

स्वराज्य आलं त्याच्या आगंमागं, उसाची तोड चालली व्हती, अन् मी डोक्यावर वाढ्याचा भारा घिऊन पाटाच्या कडंनं येत व्हते, वाढं म्हणजे उसाचं हिरवं शेंडं, जनावरांची वैरण. पाय निसटला अन् मी खालच्या दगडावर बसले, बसले कसली, आदळले, अन् वरनं भारा. उठले, भारा पुन्यांदा डोक्यावर घेतला, घरी आले, भाकरी थापल्या. त्या दिसापासनं आजपातूर, काय सांगू तुमास्नी, एक दिस ही पाठ गप बसली न्हाय.

सकाळी भिंतीला धरून उठायचं. जात्यावर बसलं की कंबरंतनं कळ निघती ती पार टाचंपातूर. हांडा उचलायचा म्हणजे आदी दात आवळायचं. अन् दुखणं दिसत न्हाय वो, हेच तर वाईट. हात मोडला तर गळ्यात दिसतो, ताप आला तर अंगाला लागतो, पाठीचं काय दाखवू? सारखं दुखलं की माणूस कडू हुतं. माझी धाकटी एकदा पाठीवर बसायला आली, लाडानं आली, अन् मी तिला अशी ढकलली की वसरीवरनं खाली पडली. तवापासनं ती माझ्या पाठीला हात लावत न्हाय. त्याची लाज मला अजून वाटती.

घरात बोलले तर सासू काय म्हणावी? पायाळूला कुठं उसण भरती व्हय? झालं, मिटलं. सगळ्या गावात हीच समजूत, पायाळूची पाठ दुखतच न्हाय, मग ही दुखती म्हणती म्हणजे सोंग करती, कामाचा कटाळा. आवं, पर उसण न्हाय ही, हाड हाय, हाड! कोण ऐकतंय? मालक एकदा बारामतीला डाक्टरकडं घिऊन गेलं, त्यानं पाठीवर बोटं दाबून बघितली, म्हणला बाईला इसावा पायजे, ओझं उचलायचं न्हाय. घरी सासू म्हणली, इसावा घ्यायला तू काय इनामदाराची लेक हाईस? मालक खाली बघून तंबाकू मळत बसलं. त्यांचा राग मला सासूपरीस जास्त येतो.

अन् ह्याच पाठीनं मी दुसऱ्यांच्या पाठी बऱ्या करायच्या. माणूस उंबऱ्यावर पाठ करून बसायचं, मी एका पायावर उभं ऱ्हायाचं अन् दुसऱ्या पायाची टाच तीनदा लावायची. थोरामोठ्याला पाय लावला म्हणून मग वाकून पाया पडायचं. त्या वाकण्यात माझा जीव जायचा. तो उठून म्हणायचा, उतरली बगा, बरं वाटलं, अन् मी तितंच वाकलेली, वर येता येत न्हाय. लोकं म्हणायची, काय नम्र सून हाय.

दोन वर्सामागं सासूलाच उसण भरली. हालता यीना, श्वास घेतला तरी वरडायची. टाच लाव म्हणली. मी म्हणलं, न्हाय लावत. आदी म्हणा, तुजी पाठ दुखती. मालक अंगावर धावून आलं, शेजारणी दारात, म्हणल्या काय बाई हाय का राक्षीण. मी हाललेच न्हाय. घटकाभरानं सासू रडायला लागली, म्हणली, अगं, आसंच दुखतं का गं तुला? रोज? मी म्हणलं रोज. आगं आई आई गं, म्हणली, अन् माझा हात धरला. ह्या घरात येऊन तवा बारा वर्सं झाली व्हती, पैल्यांदा धरला. मी टाच लावली, अन् पाया पडाय लागले तर म्हणली, वाकू नगं.

चौथ्या दिशी तिची पाठ मोकळी झाली. पाचव्या दिशी मी हांडा खाली ठिवला तर म्हणती, झालं का सोंग सुरू? मास्तर, तिनं सोंग म्हणल्याची माफी मी तिला कवाच दिली आसती. पर तिला कळलं व्हतं, अन् कळून ती इसारली, हे मला गिळवत न्हाय. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणत्यात, पर तिचं तर जळलं व्हतं ना!

आता गेल्या म्हैन्यात कन्हेरी गावची एक बाई आली, जवान हाय, म्हणली टाच लावा. मी इचारलं, किती दिस झालं? म्हणली, सा वर्सं. घरात कुणाला खरं वाटत न्हाय. मी पाय उचललाच न्हाय. तिच्याजवळ खाली बसले अन् म्हणलं, दुखत आसंल गं बाई, लई दुखत आसंल. ती जी रडली, तिचं बघून मी बी. पाठ काय तिची बरी झाली न्हाय अन् माझी बी न्हाय, तरी दर बाजाराला ती वाकडी वाट करून येती, आमी दोघी बसतो.

तर लिवा एवढं. देव तुमची पाठ धड ठेवो मास्तर, अन् न्हाय ठिवली, तर तुमी दुखतंय म्हणल्यावर घरातलं एक माणूस तरी व्हय म्हणो.