मावशींचा श्वास

...नाही, पण मला सांगा, एक श्वास घ्यायला माणसाला वेळ लागतो किती? घ्या बघू एक. झाला? आणि आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या मावशी, रिटायर्ड नर्स, त्या दर रविवारी होणाऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्यात, ऐन ओळीच्या मधोमध जो श्वास घेतात, तेवढ्यात मी चष्मा काढून, पुसून, परत लावू शकतो! पुस्तकात तिथं साधा स्वल्पविराम नाही, पण मावशी श्वास घेतात! त्या थांबल्या की मागची दीडशे मंडळी थांबते, आणि मी पायपेटीवर बोटं अधांतरी धरून, खाली नुसता भाता हाणत... बावीस वर्षं! त्यात धंद्यानं मी घड्याळजी. सेकंद चुकला तर मला घास उतरत नाही.

बरं, गीतं जुनी, पण काय सांगू तुम्हाला... खाली खर्जात माझा मेहुणा घुमतोय, वर बायका चढताहेत, मध्ये आमची पायपेटी, आणि शेवटच्या आमेनला खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा वाटतं, आपलं बरं चाललंय. खरंच वाटतं. फक्त ते तिसरं कडवं...

तर नवे पाळकसाहेब आले. तरुण, हसतमुख, मनगटावर घड्याळ, तेही पाच मिनिटं पुढं! मला बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाले, "गीतं फार रेंगाळतात हो. येत्या रविवारी सुधारलं नाही, तर आपण रेकॉर्ड केलेलं संगीत लावू." म्हणजे पायपेटीवर फुलदाणी आणि मी बाकावर! आता ज्या बाईनं माझी दोन्ही पोरं जन्मताच हातात घेतली, तिला मी काय सांगू, श्वास घेऊ नका म्हणून?

आणि त्याच आठवड्यात मावशींचा पाय मुरगळला. देवा, क्षमा कर, पण मला आनंद झाला.

रविवारी पहिला बाक रिकामा. मी जे सुटलो... पहिलं कडवं झर्रकन, दुसरं त्याहून झर्रकन, पाळकसाहेब मान डोलावताहेत, आलं तिसरं, आली ती ओळ, आणि माझे हात आपोआप वर! मेलो, म्हटलं. पण पुढं कुणी गाईचना. मेहुणा गप्प, बायका गप्प, दीडशे माणसं त्या रिकाम्या बाकाकडे बघत मावशींच्या श्वासासाठी थांबलेली... आणि पाळकसाहेब? तेही, तोंड उघडं ठेवून! मग सगळ्यांनी मिळून पुढची ओळ अशी उचलली म्हणून सांगू, माझे डोळेच भरले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब आले. "ते रेकॉर्डिंग तिथं थांबेल का हो?" म्हटलं, नाही थांबणार. "मग राहू दे," म्हणाले.

मी तसाच मावशींकडे गेलो. पाय उशीवर टाकून बसल्या होत्या. सगळं सांगितलं, म्हटलं, तुमच्या श्वासानं माझी पेटी वाचवली. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"श्वास कसला? अरे बाळा, तुझाच हात तिथं अडखळतो, पहिल्या रविवारपासून. तुला लोक हसू नयेत म्हणून मी थांबते."

म्हटलं, मावशी, पाय लवकर बरा करा... तुमच्याशिवाय मला सांभाळून कोण घेणार?