मामाच्या बसमधला एसी

कुंभकोणमला माझ्या मामाने कित्येक वर्षं स्वतःची एसी बस चालवली. तो थकल्यावर दारासुरमच्या रेशमी साड्यांचं फिरतं दुकान करायला ती मी घेतली आणि आधी जुना एसी काढायचं ठरवलं. मामा सारखा म्हणत होता, "राहू दे रे, त्याला हात लावू नकोस."

मी टपावर चढून झाकण उचललं. आत यंत्रच नव्हतं, नुसता एक पंखा होता.

"मामा, मग गार कसं व्हायचं?"

खाली उभी असलेली आई भडकली. "दर यात्रेला मी या बसमध्ये शाल पांघरून कुडकुडत बसले, आणि वर एसीच नव्हता?"

"अक्का," मामा शांतपणे म्हणाला, "तू कमी कर म्हणालीस की मी लगेच कमी करायचो."