विमानतळ चालू आहे

"काका, तुमचा फोन कधी 'मला माहीत नाही' म्हणतो का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकांना मी विचारूनच टाकलं. ते मघापासून फोनमधल्या एआयला युद्धाबद्दल विचारत होते. त्यांची लेक तिकडेच नोकरीला होती.

"कशाला म्हणेल? जगातलं सगळं वाचलंय यानं."

"मग सकाळी मला युद्ध पेटलंय असं का म्हणाला?" शेजारी उभ्या असलेल्या काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या.

"तू घाबरून विचारलंस. मी शांतपणे विचारलं, तर तह झाला म्हणाला."

"म्हणजे दोन देशांचा तह तुमच्या आवाजावर ठरतो?"

"हे बघ, विमानतळ चालू आहे. लेकीला सांग, बॅग उचल आणि नीघ."

"आधी तिला फोन तर लावू दे. हॅलो, बाळा, कुठे आहेस? तळघरात? अहो, बाहेर सायरन वाजतोय म्हणते. विमानतळ कालच बंद झालाय."

"असा कसा बंद? तिला म्हणावं, नीट बघ."

"तळघरातून?"

"थांब, यालाच सांगतो बंद आहे म्हणून."

"काय म्हणतोय?"

"माफी मागतोय. म्हणतो, तुमचं अगदी बरोबर आहे."

"आणि तो तह?"

"तो... आता झालाच नव्हता म्हणतोय."

"बाळा, तू तिथून अजिबात हलू नकोस. बाबा काहीही म्हणू देत!"

घरी पोचले तर आई-बाबा, मी पुढे काय शिकावं, हे फोनला विचारत बसले होते. मी दप्तरही न उतरवता सांगून टाकलं, "मी इतिहास घेणार आहे. काही शंका असेल तर मला विचारा, मी इथेच उभी आहे."