हाताने काढलेली दहाची नोट

नाव : आश्लेषा दिगंबर खोपकर, वय २३ वर्षे, व्यवसाय : नोकरी (आयटी पार्क), राहणार सेक्टर ४५, चंदीगड. समक्ष हजर राहून लिहून देते की,

खोट्या नोटा जमवून तुला काय मिळते, असे उपनिरीक्षक मेहरासाहेबांनी प्रथम विचारले. त्यासंबंधीची हकीकत खालीलप्रमाणे.

मी इतिहासाची पदवीधर आहे. आमच्या घरातली पहिलीच. इंग्रजी अमलातील नकली नोटा मी चार वर्षांपासून जमवते. अशा सतरा आहेत. एकही आज चलनात नाही. माझ्या प्राध्यापकांचे तसे पत्र सोबत जोडले आहे.

माझे वडील इंडस्ट्रियल एरियातील एका छापखान्यात बावीस वर्षे मशीनमन आहेत. शिक्षण सातवी. नोट कशी बनवली हे मला ओळखता येत नाही, त्यांना येते. दि. ९ रोजी मी पंचम जॉर्जची दहाची नोट त्यांना दाखवली. ते म्हणाले, "आशू, ही छापलेलीच नाही गं. पेनाने काढलीय. बघ, राजाच्या दाढीपर्यंत येऊन गड्याचा हात थकलाय." खात्री करायला दुसऱ्या दिवशी त्यांनी ती छापखान्यातील मोठ्या भिंगाखाली पाहिली. न्या, असे मीच म्हणाले होते.

तेथे एका कामगाराने नोट पाहून वडिलांकडे खोटी नोट असल्याचे मालक कुलवंतसिंगजींना सांगितले. ते आधी हसले. "ओए दिगंबर, छापनी ही थी तो चलने वाली छापता!" मग घाबरून त्यांनी ठाण्यात फोन केला व चौकशी संपेपर्यंत वडिलांना कामावर येऊ नका म्हणून सांगितले. आज सहावा दिवस आहे. वडील रोज सकाळी डबा भरून घेतात आणि दुपारी तो घरीच खातात.

आज सकाळी ११ वाजता मी सतराही नोटा स्वतः ठाण्यात आणल्या. मेहरासाहेबांनी राजाची दाढी बराच वेळ न्याहाळली व "कमाल है" म्हणाले. गुन्हा दिसत नाही, मालकांना उद्याच तसे कळवतो, असे त्यांनी सांगितले. मात्र वडिलांनी नोट तपासली हा मजकूर गाळून ती डब्याच्या पिशवीत चुकून गेली असे लिही, असे त्यांनी काळजीपोटी सुचवले. "पापा का नाम साफ रहेगा, बेटा."

वडिलांनी नोट चुकून नेली नव्हती. ती त्यांना वाचता येते म्हणून नेली होती.

हा जबाब मी मराठीत स्वहस्ते लिहिला, मोठ्याने वाचला व मेहरासाहेबांना हिंदीत समजावला. तो खरा व बरोबर आहे. वरील मजकूर न गाळता मी खाली सही केली आहे.

आश्लेषा दिगंबर खोपकर