नानांचा कडकडीत बंद

कसले रे तुमचे बंद! बंद पाहिला तो आम्ही, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत. मी तेव्हा गोदीत, बोटींशी बोलायच्या रेडिओवर होतो. जीव वाचवायचं काम म्हणून आम्हाला सूट होती, बाकी गोदी चिडीचूप. आमच्या भोईवाड्यातल्या चाळीतले नाना टगवाल्यांचे, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटींवरच्या कामगारांचे पुढारी. आदल्या दिवशीच सभेत गरजले होते, "उद्या एकही टग हलणार नाही!"

सकाळी रेडिओ खरखरला. "मदत पाठवा! लाँचचं इंजिन बंद पडलंय, आत पाणी येतंय, ओहोटी खडकाकडे ओढतेय!"

आवाज नानांचाच! लांब नांगरलेल्या बोटींवरच्या खलाशांना बंद समजावायला गेले होते.

मी खिडकीतून खाली धक्क्यावर टग चालवणाऱ्या सारंगाला ओरडून सांगितलं. सारंग देवगडचा, पत्ते खेळत बसलेला.

"टग हलूचो नाय," तो म्हणाला. "नानांचो शब्द आसा."

मी नानांना तसंच कळवलं.

"अरे गाढवा, मीच सांगतोय ना, सोडा टग!"

मी तेही खाली ओरडलो आणि उत्तर नानांना कळवलं, "सारंग म्हणतो, सभेत ठरलेलं सभेतच मोडायचं."

नाना म्हणाले, "बोलतोय बरोबर. पण पाणी गुडघ्याला लागलंय रे!"

खाली बघतो तर सारंग आठ गडी घेऊन होडीत बसलेला. वल्ही मारत गेले आणि लाँच दोराने ओढत आणली.

"टगाक हात लावूक नाय हां, नाना," सारंग धापा टाकत म्हणाला.

संध्याकाळी नाना त्याच भिजून चुरगळलेल्या धोतरात सभेला उभे राहिले. "एकही टग हलला नाही! मी स्वतः भर समुद्रातून बघत होतो!"